एम५, ई६३, आरएस७, पॅनामेरा: घेणारा कोण आणि बिघडतं काय

ई६० पिढीची बीएमडब्ल्यू एम५ सकाळी पहिल्यांदा सुरू केली की टॅकोमीटरच्या (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्याच्या) कडेला दिव्यांची एक रांग पेटते. ऑइल थंड असताना ही रांग बरीच खालपर्यंत येते. ऑइल तापत जातं तसा एकेक दिवा विझतो आणि मर्यादा वर सरकत सरकत ८,२५० आरपीएमपर्यंत जाते. पाच लिटर, दहा सिलिंडर, ५०७ अश्वशक्ती. एक मालक ते दिवे विझेपर्यंत पाय आवरतो, दुसरा गेटमधून बाहेर पडल्या पडल्या दाबतो. पहिली पाच-सात वर्षं दोघांच्या गाड्यांत काहीही फरक दिसत नाही. तिसऱ्या मालकाच्या हातात गेल्यावर दिसतो, आणि तेव्हा तो इंजिनाच्या पोटात असतो.

या वर्गातल्या, म्हणजे चार दारांच्या अतिवेगवान सेडान गाड्यांची तुलना बहुतेक वेळा आकड्यांवरून होते. एम५, मर्सिडीज-एएमजी ई६३, ऑडी आरएस७, पोर्श पॅनामेरा टर्बो. सगळ्या शून्य ते शंभर चार सेकंदांच्या आसपास, सगळ्यांचं वजन दोन टनांच्या अलीकडे-पलीकडे. (आरएस७ आणि पॅनामेराची डिकी काचेसकट उघडते, म्हणजे मोजून पाच दारं होतात. पण बसायची दारं चारच आणि गिऱ्हाईकही तेच.) एवढ्यावरून गाडी निवडली तर निवड फसते. कंपनीनं कोणती गोष्ट मिळवण्यासाठी कोणती पणाला लावली, आणि घेणारा रोज ती कशी चालवणार, या दोन गोष्टी जुळतात की नाही ते पाहायचं. या गाड्यांतले बहुतेक मोठे बिघाड तिथेच, न जुळलेल्या जागी होतात.

हा गिऱ्हाईक मुळात कोण होता? १९८५ मध्ये पहिली एम५ आली तेव्हा तिच्यात एम१ या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं साडेतीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन होतं, २८६ अश्वशक्तीचं, आणि बाहेरून ती जवळजवळ साध्या फाइव्ह सिरीजसारखीच दिसायची. १९९० मध्ये मर्सिडीजनं ५००ई दाखवली. पाच लिटर व्ही८, ३२६ अश्वशक्ती. रुंद फेंडरमुळे ती झिंडेलफिंगेनच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनवर बसेना, म्हणून बांधणीचं काम पोर्शकडे, त्सुफेनहाउझेनला गेलं. एवढं करूनही रस्त्यावर ती एखाद्या बऱ्या परिस्थितीतल्या वकिलाची गाडी वाटावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्या गिऱ्हाइकाचा स्वभाव. जर्मनीत आजही गाडी मागवताना मागचं मॉडेलचं नाव न लावण्याचा पर्याय घेणारे आहेत. ज्याला दिसायचं असतं तो दोन दारांची कूपे घेतो. ज्याला मुलांना शाळेत सोडून पुढे ऑटोबानवर २५० नं जायचं असतं, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायचं नसतं, त्याच्यासाठी ही सेडान निघाली.

आता ई६० कडे परत. या सगळ्यांत शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिच्यातच आहे. एस८५ या व्ही१० इंजिनाची पूर्ण ताकद ७,७५० आरपीएमला मिळते, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, फक्त ५२० न्यूटन मीटर. म्हणजे खालच्या आरपीएमवर ती तशी साधीच, मजा सगळी वर. शिवाय दर वेळी गाडी सुरू केली की ती ४०० अश्वशक्तीच्याच सेटिंगमध्ये जागी होते. पूर्ण ताकदीसाठी बटण दाबावं लागतं. घेणाऱ्यानं वर फिरवायचं, पण आधी तापवायचं, अशी ही रचना आहे.

तिचं दुखणं म्हणजे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला बिग एंड म्हणतात ते. रॉडचा जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचा ज्यावर रॉड बसतो तो गोल भाग, साधारण ५२ मिमीचा. इंजिन बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट हवी, म्हणजे इथे ०.०५ मिमीच्या घरात. या इंजिनांची मापं घेणाऱ्यांना ती ०.०३ च्या आसपास सापडली. त्यात कंपनीनं सांगितलेलं ऑइल १०डब्ल्यू-६०, म्हणजे थंडीत मधासारखं जाड. एवढ्या बारीक फटीत जाड ऑइलचा थर धरायला वेळ लागतो, आणि त्याच वेळी कुणी ६,००० वर नेलं की शेलचा, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीचा, वरचा मऊ थर घासला जातो. ऑइल पातळ करावं की फट वाढवलेले शेल घालावेत यावर कारागिरांत अजून मतभेद आहेत. थंड इंजिन दामटू नये यावर मात्र कुणाचं दुमत नाही.

काम करायचं तर इंजिन उतरवावं लागत नाही. इंजिन वरून टांगून पुढची सबफ्रेम खाली घ्यायची, ऑइलचं चेंबर काढायचं आणि खालून एकेक रॉड करायचा. दहा रॉड, वीस शेल, वीस बोल्ट. बोल्ट ताणून बसणारे असतात, एकदा कसले की संपले. जुने परत वापरणारा कारागीर असेल तर गाडी तिथून उचलून आणा. प्रत्येक कॅप (रॉडचा खालचा सुटा अर्धा भाग) आपल्याच रॉडवर आणि त्याच दिशेनं बसली पाहिजे. कसणं आधी टॉर्कनं, मग अंशांनी. चेंबर उघडलेलंच आहे तर इंजिन माउंट त्याच वेळी बदलून घ्यावेत. ऑइल साधारण ९.३ लिटर लागतं, आणि पहिलं ऑइल हजार-दीड हजार किमीतच बदलून फिल्टर कापून पाहावा. अनेक मालक हे काम लाखभर किमीच्या आसपास, काही झालेलं नसताना करून घेतात. ते बरोबरच आहे, कारण ठकठक ऐकू आली तोवर क्रँकला ओरखडे पडलेले असतात आणि मग खर्च शेलचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं चांगलं, पण त्यात एक खाच आहे. सुरुवातीच्या शेलमध्ये शिसं आणि तांबं होतं, म्हणून अहवालात शिसं वाढलं की झीज कळायची. नंतरचे शेल बिनशिशाचे आले. त्या गाडीच्या अहवालात शिसं शून्य दिसलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तिथे कथील आणि ॲल्युमिनियम पाहायचं, आणि तेही एका अहवालात नाही, ओळीनं तीन-चार अहवालांत. बेअरिंगपाठोपाठ येतात दोन थ्रॉटल ॲक्च्युएटर (एक गेला तरी गाडी ताकद कापून घेते), एसएमजी गिअरबॉक्सचा (क्लच पेडल नसलेला, गिअर स्वतः टाकणारा मॅन्युअल) हायड्रॉलिक पंप, आणि क्लच.

जाहिरातीत जिचं सगळ्यांत जास्त कौतुक होतं ती "फक्त ३५,००० किमी चाललेली" ई६० माझ्या मते सर्वांत जपून पाहायची गाडी. पंधरा-अठरा वर्षांत एवढीच चाललेली म्हणजे बहुधा रविवारी पाच किमी, ऑइल कधीच पुरतं न तापलेलं, ऑइल बदललं तेही किमी मोजून. १,३०,००० चाललेली, शेल बदलल्याची बिलं असलेली आणि हायवेवर राहिलेली गाडी मी डोळे झाकून तिच्या वर ठेवीन.

२०११ नंतरच्या एफ१० एम५ मध्ये दोन टर्बोंचं ४.४ लिटर व्ही८ आलं. ५६० अश्वशक्ती, ६८० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच हातात. इथे गिऱ्हाईकच बदलला. वर फिरवायची गरज उरली नाही, म्हणून ज्याला गाडीची भाषा शिकायला वेळ नाही असा माणूसही एम५ घ्यायला लागला. सगळा टॉर्क मागच्याच दोन चाकांना, त्यामुळे ओल्या रस्त्यावर त्याची भंबेरी उडायची. पुढच्या एफ९० मध्ये चारही चाकांना ताकद आणि डबल क्लचच्या जागी झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आला तो याच माणसासाठी. जुन्या गिऱ्हाइकासाठी फक्त मागची चाकं फिरवणारा मोड ठेवला. जुने एम५ वाले या गिअरबॉक्सवर नाराज होते. पण ट्रॅफिकमध्ये रांगत जाताना डबल क्लच अडखळतो, हा तसा अडखळत नाही. रोजच्या वापराला एफ९० ही या घराण्यातली सर्वांत शहाणी गाडी आहे.

मर्सिडीजची वेगवान गाड्यांची शाखा एएमजी, तिचा माणूस वेगळा. त्याला इंजिन हवं असतं, तेही आळसावलेलं आणि अफाट. अफाल्टरबाखला, एएमजीच्या कारखान्यात, एक कारागीर एक इंजिन बांधतो आणि वर त्याच्या सहीची पट्टी लागते. झाकण उघडून ती पट्टी दाखवणं हा या मालकाचा हक्काचा आनंद. २००० च्या दशकातली ई५५ सुपरचार्जरवर ७०० न्यूटन मीटर द्यायची आणि तिचं इंजिन आजही या वर्गातलं बहुधा सर्वांत टिकाऊ. ती घेताना भीती इंजिनाची नाही, ब्रेकची. एसबीसी नावाची विजेवर दाब तयार करणारी ब्रेक यंत्रणा तिच्यात आहे आणि तिचं युनिट दाबांची मोजणी ठेवतं. ठरलेला आकडा भरला की लाल इशारा येतो आणि ब्रेक मंदावतो. कुणी मोजणी शून्यावर आणून देतो म्हणाला तर नको म्हणा, युनिट बदला. २००६ च्या फेरबदलानंतर ही यंत्रणा ई-क्लासमधून गेली.

त्यानंतरच्या ई६३ मध्ये एएमजीनं स्वतः आखलेलं पहिलं इंजिन, एम१५६. नाव ६३, प्रत्यक्ष ६,२०८ सीसी. आवाजासाठी माणसं आजही शोधत येतात. सुरुवातीच्या इंजिनांतले हेडचे बोल्ट गंजून तुटायचे आणि कूलंट सिलिंडरमध्ये झिरपायचं; सुधारित बोल्ट नंतर आले. आपल्या गाडीत कुठले आहेत ते इंजिन क्रमांकावरून आणि बिलांवरून ताडून घ्यावं. हेड न उचलता एका वेळी एक बोल्ट काढून नवा लावत जाण्याची पद्धत रूढ आहे. दुसरं, कॅमशाफ्ट आणि त्याखालचे टॅपेट घासतात. सुरू करताना टिकटिक येऊन ती तापल्यावरही थांबत नसेल तर कव्हर काढून कॅमच्या नाकाडांवर बोट फिरवा. खळगे बोटाला कळतात.

२०११ नंतरचं साडेपाच लिटरचं एम१५७, दोन टर्बोंसह, एस मॉडेलमध्ये ५८५ अश्वशक्ती आणि ८०० न्यूटन मीटर. इथे पहिली खूण थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद साखळीची खडखड: साखळी ताणून धरणाऱ्या ताणकाला मिळणारं ऑइल रात्रभरात उतरून जातं. दुसरी जास्त चोरटी. कॅमच्या सेन्सर आणि मॅग्नेटमधून ऑइल वायरींच्या आतून चढतं आणि थेट कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत पोचतं. प्लग काढून टिपकागद लावला की दोन मिनिटांत निकाल. तिसरी, सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे, ते फक्त बोअरस्कोपमध्येच, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यातच दिसतात.

ऑडीबद्दल थोडक्यात. आरएस७ आणि तिची भावंडं घेणारा माणूस हवामानाकडे पाहून गाडी घेतो. आल्प्सच्या पायथ्याशी राहणारा, वर्षातले चार महिने ओला किंवा बर्फाळ रस्ता असलेला. त्याला मागची बाजू घसरवायची नसते, पोचायचं असतं. २०१३ च्या पिढीतल्या चार लिटर टीएफएसआय (ऑडीचं टर्बो पेट्रोल) इंजिनाचे दोन्ही टर्बो व्हीच्या, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या, मधोमध, म्हणजे सगळ्यांत गरम जागी. त्यांना ऑइल पुरवणाऱ्या वाटेत एक बारीक जाळी आहे. ऑइल जुनं झालं की तिथे काजळी बसते, जाळी तुंबते आणि टर्बो कोरडे फिरून जातात. नवी जाळी मोठ्या छिद्रांची आली. जुन्या गाडीत ती बदलल्याचं बिल नसेल तर किंमत ठरवताना तो खर्च आपलाच धरायचा. आणि ऑइल कंपनीच्या कमाल मर्यादेपर्यंत ताणू नये, ७,००० ते ८,००० किमीला बदलावं. एवढं केलं तर ही गाडी निमूटपणे चालते.

पॅनामेरा घेणाऱ्याला सेडान नकोच असते. त्याला ९११ हवी असते, पण घरात चार माणसं असतात. म्हणून बसायची जागा खाली, मागे दोनच स्वतंत्र आसनं, आणि रुंदी १.९३ मीटर, तीही आरसे सोडून. पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फीत घेऊन आधी मोजा, हे गमतीनं सांगत नाही. २००९ च्या पहिल्या पिढीतल्या ४.८ लिटर व्ही८ मध्ये कूलंटच्या काही नळ्या चिकटवून बसवलेल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं चिकट सुटतो आणि नळी एकदम निसटते, आधी थेंबथेंब गळत बसेलच असं नाही. चालत्या गाडीत सगळं कूलंट गेलं तर ॲल्युमिनियमचं इंजिन मिनिटांत वाकडं होतं. नळ्या पिन मारून पक्क्या करतात किंवा सुधारित भाग बसवतात. विकत घेताना पहिला खर्च हाच धरा, मग कातडं आणि म्युझिक सिस्टिम बघा.

जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगावं की इंजिन सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करावी. वर सांगितलेल्या निम्म्या खुणा फक्त थंड सुरुवातीला दिसतात. फॉल्ट कंपनीच्याच सॉफ्टवेअरनं वाचावेत: बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस. टर्बोच्या गाड्यांत लॅपटॉपवर शंभर अश्वशक्ती वाढवणं सोपं असतं आणि विकताना मूळ प्रोग्राम परत घालणंही. फोक्सवॅगन समूहाच्या (ऑडी, पोर्श) गाड्यांत असा फेरफार कंपनीच्या प्रणालीत टीडी१ अशा नोंदीनं राहतो, तो अधिकृत केंद्रात विचारता येतो. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची जाडी मोजून भागत नाही. पोर्शच्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, डिस्क काढून तराजूवर ठेवायची. चाक काढताना रिम आपटून डिस्कच्या कडेचा टवका उडाला तर ती डिस्क बाद, म्हणून गाइड पिन लावल्याशिवाय टायरवाल्याला हात लावू देऊ नये.

महाराष्ट्रात या गाड्यांना खरी झळ बसते ती वेगानं नाही, थांबण्यानं. समृद्धीवर कायद्यानं १२०, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १००. एवढा वेग या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडतात. पण शहरात तासभर रांगत गेलेल्या गाडीच्या मीटरवर १२ किमी चढतात आणि ऑइलनं मात्र तासभर भाजून घेतलेलं असतं. म्हणून इथे ऑइल किमीवर नाही, इंजिनाच्या तासांवर बदलायचं: २०० ते २५० तास. टर्बो व्हीच्या मध्ये असलेलं इंजिन बंद केल्यावरही कूलंटचा पंप आणि पंखा चालू राहतो, तो बिघाड समजून बॅटरीची तार काढू नये. पेट्रोल शक्यतो ९५ ऑक्टेनच्या वरचं, आणि २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर ई६०-ई५५ च्या काळातल्या गाड्यांचे रबरी पाइप, पंप नीट तपासून घ्यावेत. ते १० टक्क्यांच्या हिशेबानं केलेले आहेत.

टायरकडे तर आपल्याकडे कुणी पाहतच नाही. बाजूवर डीओटीच्या शेवटी चार अंक असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांपुढचा टायर उन्हातल्या सिमेंटच्या रस्त्यावर वेगानं नेऊ नये. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीज-एएमजीला एमओ१, पोर्शला एन आणि अंक, अशा खुणा असलेलेच टायर घ्यावेत. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एकच नवा टायर घातला तर घेर वेगळा होऊन ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) तापते, तेव्हा बदलायचे तर निदान जोडीनं, आणि चारांच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त फेस भरायची बाटली. खड्ड्यात ३५ प्रोफाइलच्या टायरची बगल फाटली तर त्या बाटलीचा उपयोग शून्य. कोकणात उतरणाऱ्यानं फ्लॅटबेड टोइंगचा नंबर आधीच घेऊन ठेवावा.

नवीन गाड्यांनी हा सगळा हिशेब पुन्हा मांडला आहे. २०२४ ची एम५ प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि मोटर: ७२७ अश्वशक्ती, १,००० न्यूटन मीटर, वजन २,४३५ किलो. शून्य ते शंभर ३.५ सेकंद, म्हणजे एफ९० कॉम्पिटिशनच्या ३.३ हून हळू. जास्त ताकद घेऊन कमी चपळ, हे जुन्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरत नाही. शहरात साठ-पासष्ट किमी विजेवर जाणारी गाडी हवी असलेल्याला मात्र ती उत्तम. एएमजीनं सी६३ मध्ये याहून मोठी उडी घेतली: व्ही८ काढून दोन लिटरचे चार सिलिंडर आणि विजेची मोटर, मिळून ६८० अश्वशक्ती. बॅटरी फक्त ६.१ किलोवॅट तासांची, पण तिच्या ५६० सेलभोवती १४ लिटर द्रव फिरत राहतो. अभियांत्रिकी म्हणून ती थक्क करणारी गाडी आहे. पण एएमजीचा माणूस इंजिनासाठी यायचा, हे विसरून ती बनवली, आणि शोरूममधून तो नाराज होऊन परत गेला यात मला त्याची चूक दिसत नाही.

या हायब्रिड गाड्यांत थंड इंजिनाचा प्रश्न नव्या वाटेनं परत आला आहे. विजेवर घरातून निघायचं, अर्धा तास इंजिन बंदच, आणि एक्स्प्रेसवेला लागताना ट्रक ओलांडायला पाय पुरता दाबायचा. त्या क्षणी इंजिन थंडगार अवस्थेतून थेट कामाला लागतं. म्हणून टोलनाक्याच्या सात-आठ किमी आधीच मोड बदलून इंजिन सुरू करून घ्यावं, मीटरवर ऑइलचं तापमान काढून ठेवावं, आणि ते ८० अंशांपलीकडे गेल्यावरच पाय दाबावा.